सातारा ते ऑकलंड : सुटली, पोचली, थांबा

न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये राहणाऱ्या मुलाने तिकीट मोबाइलवर पाठवलं. खाली एक ओळ होती : मुंबई ते ऑकलंड, एकूण वेळ २८ तास ४० मिनिटं. मी ती दोन-तीनदा वाचली. एसटीच्या सातारा डेपोत एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. फेरी कुठलीही असो, माझे पहिले दोन प्रश्न ठरलेले : किलोमीटर किती आणि रनिंग टाइम किती? मुलालाही फोनवर तेच विचारलं. तो म्हणाला, “बाबा, सरळ अंतर बारा हजार तीनशे किलोमीटर धरा.”

कागदावर भागाकार केला. ताशी चारशे तीससुद्धा पडत नव्हते. विमान तर ताशी नऊशेच्या आसपास जातं. मग अर्ध्याहून जास्त वेळ जातो कुठे? हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून नोकरीतली लांबट वही बाहेर काढली आणि तिच्यात जुनेच रकाने आखले : सुटली, पोचली, थांबा. प्रत्येक वेळ दोनदा लिहायची असं ठरवलं, एकदा तिथल्या घड्याळाची आणि शेजारी आपली.

पहिला दिवस, गुरुवार, २४ ऑक्टोबर २०२४

सातारा स्टँडवरून सकाळी दहाची बोरिवली गाडी. वेळेवर सुटली. आठवड्यावर दिवाळी आलेली, त्यामुळे हिने फराळाचे डबे केले होते. चकली, चिवडा, कडबोळी. कंदी पेढे मात्र घेतले नाहीत. दुधाचं काही आणू नका, असं मुलाने चार वेळा बजावलं होतं. निघता निघता शेजारच्या काकूंनी नातीसाठी महाबळेश्वरच्या मधाची छोटी बाटली हिच्या हातात दिली. ती बॅगेत गेली.

पुण्याकडे जाताना खंबाटकीला गाडी बोगद्यातून जाते आणि येताना घाट चढून येते. डोंगर तोच, गावं तीच, पण दोन्ही दिशांचं गणित वेगळं. वेळापत्रक बसवताना हे आम्हाला नेहमी लक्षात ठेवावं लागायचं. नवखा माणूस जाण्याची वेळ तशीच येण्याला लावतो आणि मग येणारी गाडी रोज लेट दिसते. विमानालाही असा घाट असतो हे मला पुढे कळायचं होतं.

द्रुतगती मार्ग, वाशी, सायन, बांद्रा करत साडेचारला विलेपार्ल्याला उतरलो. अंदाजे २६० किलोमीटर, साडेसहा तास, सरासरी ताशी चाळीस. पार्ल्यात पुतण्याकडे चहा, पिठलं-भाकरी, आणि आठ वाजता विमानतळ. सामान देणं, पासपोर्टवर शिक्का, तपासणी हे सगळं दोन तासांत आटोपलं. उरलेला वेळ गेटापाशी बसून.

तिकिटावर सुटण्याची वेळ ११.३५ होती. बरोबर ११.३५ ला विमान हललं, पण उडालं नाही. आधी मागे ढकललं गेलं, मग हळूहळू धावपट्टीकडे चालत राहिलं, मग रांगेत उभं राहिलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. चाकं जमिनीवरून उचलली तेव्हा बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. हवाई सेविकेला विचारलं, विमान लेट आहे का? ती म्हणाली, मुळीच नाही. तिकिटावरची वेळ जागेवरून हलण्याची असते, आणि पोचण्याची वेळ म्हणजे पुढच्या विमानतळावर जागेवर उभं राहण्याची. मधलं रांगणं आणि रांगेतलं थांबणं त्यातच धरलेलं असतं. माझी लगेच खात्री पटली. आमच्याकडेही गाडी फलाटावरून हलली की सुटली, मग पोवई नाक्यावर दहा मिनिटं अडकली तरी.

समोरच्या पडद्यावर नकाशा लावला. सिंगापूरची दिशा मुंबईहून आग्नेयेला, म्हणजे पुण्यावरूनच. उडून पाव तास झाला असेल, नकाशावर पुण्याचं नाव विमानाच्या टोकाशी आलं आणि मागे पडलं. दुपारी तेवढ्याच वाटेला एसटीने अडीच-तीन तास घेतले होते. ही खिडकीला नाक लावून बसलेली. “अहो, आपला अजिंक्यतारा कुठल्या बाजूला?” उजव्या बाजूला, पण एवढ्या उंचीवरून रात्री दिसायचा नाही, म्हटलं. तरी ती उजवीकडच्या खिडक्यांकडे मान वळवून बघत राहिली.

त्यानंतर दख्खन ओलांडून बंगालचा उपसागर. मी जागाच होतो. विमान निकोबार बेटांच्या जवळून गेलं. आपल्या देशाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, तिथेच आहे. मुंबईहून निघून इतके तास झाले आणि भारत आत्ता कुठे संपत होता.

दुसरा दिवस, शुक्रवार, सिंगापूर

पोचली ७.४०, आपल्याकडचे ५.१०. मुंबई–सिंगापूर ३,९२० किलोमीटर, तिकिटावर ५ तास ३५ मिनिटं, प्रत्यक्ष हवेत पाच तासांच्या आत. आणि आता तिसरा रकाना, थांबा. पुढचं विमान रात्री ८.५५ ला. सव्वातेरा तास!

इतका मोठा थांबा मी आयुष्यात कुठल्या फेरीला दिला नव्हता. मुलाने स्वस्त तिकीट बघून हे जुळवलं होतं. सकाळी लवकरच ऑकलंडला जाणारं दुसरं विमान असतं, पण आमचं उतरायला थोडा उशीर झाला असता तर ते चुकलं असतं, असं त्याने समजावलं होतं. ते बरोबरच होतं. जोडगाडी चुकलेल्या प्रवाशाचे हाल नियंत्रकाच्या खिडकीतून मी पुष्कळ पाहिलेत.

चांगी विमानतळावर एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर न्यायला लहानशी आगगाडी आहे. बाहेर पडायला व्हिसा लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. पण दोन आणि तीन नंबरच्या टर्मिनलमधली गाडी काचेच्या एका प्रचंड घुमटातून जाते आणि तिथे छतातून चाळीस मीटर उंचीचा धबधबा कोसळताना दिसतो. भोवती मजल्यांवर झाडी. हिने तो दिसल्यावर माझा दंड घट्ट धरला. आम्ही त्या गाडीने पाच-सहा वेळा इकडून तिकडे गेलो. तिकीट नाही, कोणी विचारत नाही. ठोसेघरचा पावसाळ्यातला धबधबा आम्ही दरवर्षी बघतो आणि तो खूप मोठा आहे. तरी छताखालचं हे पाणी बघून डोळे निवले.

दुपारी ही आडव्या खुर्चीवर झोपली आणि मी सुटणाऱ्या विमानांच्या फलकासमोर जाऊन बसलो. हे माझं आवडीचं काम. ब्रिस्बेन, चेन्नई, टोकियो, पर्थ, ढाका, झुरिच. एकाच फलकावर पृथ्वीच्या सगळ्या दिशा. त्यात न्यूयॉर्कही होतं. सिंगापूर–न्यूयॉर्क हे नियमित वेळापत्रकातलं जगातलं सर्वांत लांब विनाथांबा उड्डाण, १५,३०० किलोमीटरहून जास्त आणि वेळ अठरा तासांवर. म्हणजे बारा हजार तीनशे किलोमीटर एका दमात जाऊ शकणारी विमानं आहेत. दुबईहून ऑकलंडला १४,२०० किलोमीटर विनाथांबा विमान २०१६ पासून जातं. मग मुंबई–ऑकलंड का नाही?

विचार करता करता उत्तर साताऱ्याच्या स्टँडवरच सापडलं. पाटण, वडूज, मेढा, कोरेगाव, प्रत्येक गावाहून थेट मुंबईला रोज भरगच्च गाडी निघू शकत नाही. चार गावची माणसं साताऱ्याला येतात आणि मुंबईची गाडी भरते. सिंगापूर तसंच आहे. मुंबईहून ऑकलंडला जाणारे आम्ही थोडे, चेन्नईचे थोडे, ढाक्याचे थोडे, असे सगळे इथे एकत्र होतो तेव्हा साडेआठ हजार किलोमीटर जाणारं विमान भरतं. आम्हाला जे थांबणं वाटतं ते खरं तर विमानाचं माणसं गोळा करणं आहे. थांबा त्यामुळे लहान होत नाही, पण मनाला पटतो.

रात्री ८.५५ ला सुटलो. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम दीडशे किलोमीटर. विमान तिरकं जातं, त्यामुळे रेषा उडाल्यावर वीसेक मिनिटांनी येते. मी पडद्यावर नजर लावून बसलो होतो. विमानाचं लहान चित्र त्या आडव्या रेघेला टेकलं आणि पलीकडे गेलं. पृथ्वीचा दुसरा अर्धा भाग लागला. हिला हलवून सांगितलं. तिने अर्धवट झोपेत हात जोडले.

सिंगापूर–ऑकलंड ८,४०८ किलोमीटर. नकाशावर समुद्र दिसतो म्हणून मला वाटलं होतं की सगळी वाट पाण्यावरून असेल. पण इंडोनेशियाची बेटं झाली की विमान वायव्येकडून ऑस्ट्रेलियात शिरतं आणि सबंध खंड तिरका कापतं. वाटेचा मध्यबिंदू ऑस्ट्रेलियाच्या पोटात, अॅलिस स्प्रिंग्जच्या थोडा उत्तरेला येतो. मध्यरात्रीनंतर कधीतरी तिथून गेलो. खाली एक दिवा नव्हता. खिडकीतून तासभर बघत होतो, पण काळोखाला कुठेही भोक पडलेलं दिसलं नाही.

तिसरा दिवस, शनिवार, ऑकलंड

खिडकीच्या झडपेच्या फटीतून उन्हाची बारीक तिरीप माझ्या मनगटावर पडली, बरोबर घड्याळाच्या काचेवर. घड्याळ मी भारतीय वेळेवरच ठेवलं होतं. एक वाजला होता, रात्रीचा. साताऱ्यात आमच्या गल्लीतली कुत्री भुंकत असतील त्या वेळेला इथे सूर्य वर आला होता. पूर्वेकडे जाणारं विमान सकाळच्या दिशेने धावतं, म्हणून रात्र लहान होते. पुस्तकात हे वाचलेलं असतं. मनगटावर पडलं तेव्हा अंगावर काटा आला.

उजाडल्यावर खाली तपकिरी सपाट जमीन, मग हिरवळ, मग किनारा, मग टास्मान समुद्र. शेवटचा पाव हिस्सा म्हणजे साधारण २,१०० किलोमीटर या समुद्रावरून. पडद्यावर वेगाचा आकडा ताशी हजाराच्या वर गेला. विमानाने जोर लावला नव्हता, मागून वारा होता. पृथ्वीच्या या पट्ट्यात, एवढ्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते पाठीवर घेतात, येताना छातीवर. म्हणून ऑकलंडहून सिंगापूरला परत येताना त्याच अंतराला जवळपास तासभर जास्त लागतो. हाच तो विमानाचा खंबाटकी.

पोचली ११.४५, आपल्याकडे पहाटेचे ४.१५. न्यूझीलंडचं घड्याळ त्या दिवसांत आपल्या साडेसात तास पुढे. तिथे सप्टेंबरच्या शेवटी घड्याळं एक तास पुढे करतात, म्हणून साडेसात, नाहीतर साडेसहा. माओरी कोरीवकामाच्या लाकडी कमानीखालून आत गेलो.

पुढे शेती आणि जंगलाच्या रक्षणासाठीची तपासणी. हा देश या बाबतीत फार कडक. खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहायची, लपवलेली सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड. आम्ही सगळं लिहिलं होतं, मधसुद्धा. अधिकारी बाईंनी डबे उघडले, चकली उचलून पाहिली, कडबोळी कशाची ते विचारलं आणि डबे परत दिले. मधाची बाटली मात्र बाजूला ठेवली. बाहेरचा मध इथे येऊ देत नाहीत, त्यातून इथल्या मधमाश्यांना रोग लागू शकतो, असं त्यांनी हिला हळू आवाजात समजावून सांगितलं. आपण लिहून दिलंत म्हणून दंड नाही, असंही म्हणाल्या. हिचा चेहरा पडला. काकूंनी फडक्यात बांधून, वर दोऱ्याची गाठ मारून दिलेली बाटली होती ती. बाईंनी विचारलं, फडकं परत हवं का? हिने मान हलवली. त्यांनी गाठ सोडली, फडक्याची घडी घातली आणि हिच्या हातात दिली.

बाहेर मुलगा, सूनबाई आणि कडेवरून उतरून पळत आलेली नात.

दोन वाजता घरी. रात्री वही उघडली. साताऱ्याच्या स्टँडपासून मुलाच्या दारापर्यंत साडेचव्वेचाळीस तास आणि अंदाजे १२,६०० किलोमीटर. सरासरी ताशी २८३. दोन्ही विमानांचा मिळून वेळ १५ तास २५ मिनिटं, एसटीचा साडेसहा तास. राहिले बावीस तास पस्तीस मिनिटं. त्यातली शेवटची अर्धा-पाऊण तास मोटार सोडली तर बाकी सगळं थांबणं. रांगा, खुर्च्या, फलक, शिक्के. साताऱ्यात घरी बसून पडलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं.

चौथा आणि पाचवा दिवस

सोमवारी तिथे कामगार दिनाची सुट्टी, म्हणून मुलगा घरी होता. आम्ही दोघं मात्र कामाचे नव्हतो. रात्री दहाला आडवं व्हावं तर अंगाच्या हिशोबाने दुपारचे अडीच. पहाटे पाचला झोप लागायची आणि सकाळी नऊला नात उठवायची. वेळेचा फरक तासाला साधारण एक दिवस या दराने अंगात मुरतो, असं सून म्हणाली. आम्हाला अगदी तसंच, पुरता आठवडा लागला.

एक गोष्ट आधी हिच्याच लक्षात आली. कपडे वाळत घालायला ती मागच्या अंगणात गेली आणि परत येऊन म्हणाली, “अहो, इथे ऊन चुकीच्या बाजूने येतंय.” खरंच होतं. दुपारचा सूर्य उत्तरेला, आणि आमच्या सावल्या दक्षिणेला. आपल्याकडे हिवाळ्यात घराच्या दक्षिणेच्या ओट्यावर ऊन खात बसतात. इथे घरांच्या मोठ्या खिडक्या उत्तरेला. विषुववृत्त ओलांडलं तेव्हा झोपेत हात जोडणाऱ्या माझ्या बायकोला ते आता दोरीवरच्या कपड्यांत दिसलं.

सहावा दिवस, मंगळवार

नातीच्या खोलीत पृथ्वीचा गोल आहे. हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक मी मुंबईवर धरलं, दुसरं नातीने ऑकलंडवर, आणि ताणला. गोलावर ताणलेला दोरा सर्वांत जवळची वाट आपली आपण शोधतो. वाकून पाहिलं तर दोरा बरोबर सिंगापूरवरून जात होता.

संध्याकाळी मुलाने संगणकावर आकडे काढले. मुंबई–ऑकलंड सरळ १२,३०५. सिंगापूरमार्गे ३,९२० अधिक ८,४०८, म्हणजे १२,३२८. फरक तेवीस किलोमीटर! साताऱ्याहून कोरेगावला जाण्याएवढा, साऱ्या पृथ्वीच्या तीन दशमांश घेरावर. इतकी वर्षं वेळापत्रकं बसवली, पण एवढा वाटेवरचा थांबा मला एकाही लांबच्या फेरीला मिळाला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी ते आकडे मुलाकडून तीनदा तपासून घेतले.

त्यांच्या शेजारचं गुजराती कुटुंब दरवर्षी दुबईमार्गे जातं. ती वाट मुंबई–दुबई १,९३० आणि तिथून १४,२००, म्हणजे १६,१३०. पावणेचार हजारांहून जास्त किलोमीटर फिरून. साताऱ्याहून पुण्याला निघालेल्या माणसाने आधी कोल्हापूरकडे जावं तसं. पण त्यांचा दुबईचा थांबा तीन तासांचा असतो, म्हणून घरी ते आमच्या कितीतरी आधी पोचतात. ज्यांना म्हातारे आईवडील परदेशी न्यायचे आहेत त्यांना मी मनापासून सांगेन : किलोमीटर बघू नका, तिसरा रकाना बघा.

नातीने दोरा सोडला नव्हता. “आबा, तुम्ही ह्याच्यावरून आलात?” हो म्हटलं. तिने दोऱ्यावर सिंगापूरपाशी पेनाने निळा ठिपका दिला.

परतीचे दोन दिवस, ५ आणि ६ डिसेंबर

मधले सहा आठवडे दिवाळीचे, समुद्राचे, नातीच्या शाळेचे. ते वेगळं लिहीन.

परतीचं तिकीट मी स्वतः बसून निवडलं. ऑकलंडहून दुपारी १.०५ ला सुटली, सिंगापूर तिथल्या ६.५० ला. १० तास ४५ मिनिटं, वारा छातीवर. थांबा फक्त दोन तास वीस मिनिटं, धबधबा एकदाच पाहून पुढचं गेट. ९.१० ला सुटलो आणि मुंबईत रात्री १२.०५. जाताना रात्र लहान झाली होती, आता गुरुवार संपता संपत नव्हता. साडेएकतीस तासांचा झाला तो. दोन्ही विमानांचा मिळून वेळ १६ तास १० मिनिटं, जाण्यापेक्षा पाऊण तास जास्त.

पार्ल्यात चार तास पाठ टेकली आणि पहाटे साडेपाचची सातारा गाडी धरली. खंबाटकीला गाडी घाटाला लागली, दुसऱ्या गिअरवर, ट्रकांच्या मागे. चालकाला ओळख दिली. त्याने जागेवरूनच नमस्कार केला आणि विचारलं, “साहेब, कुठून?” सांगितलं. “किती किलोमीटर?” मी आकडा सांगितला तशी त्याने शिट्टी घातली.

स्टँडवर पोचली बारा, घरी सव्वाबारा. ऑकलंडच्या दारातून निघाल्यापासून चौतीस तास. जाताना साडेचव्वेचाळीस लागले होते. साडेदहा तास वाचले, आणि तेही हवेत जास्त राहून.

हिने कुलूप काढलं. मी घड्याळ पाहिलं आणि साडेसात तास मिळवले. तिकडे पावणेआठ झाले होते. नातीची झोपायची वेळ आठची. पिशव्या दारातच ठेवल्या आणि फोन लावला.